उजळ, रास्त, बरा: ‘फेअर’ या एका शब्दाचा पसारा

माझी भाची आठ वर्षांची आहे. गेल्या मे महिन्यात ती आमच्याकडे राहायला आली होती. दुपारी आंबे कापले, तेव्हा तिच्या भावाच्या वाट्याला फोडी आल्या आणि हिच्या वाट्याला बाठा. तिनं ताटली सरकवली आणि ओरडली, “आजी, धिस इज नॉट फेअर!” माझी आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. मागे वळूनही न बघता म्हणाली, “कोण मेलं म्हणतं तसं? चांगली उजळ आहेस की!”

भाचीला काही कळेना. मला हसू आवरेना. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, आईचं चुकलं कुठे? हा शब्द तिच्या आयुष्यात आला तोच वर्तमानपत्रातल्या विवाहविषयक जाहिरातींमधून आणि पुढे क्रीमच्या ट्यूबवरून. दोन्हीकडे त्याचा अर्थ एकच होता, गोरी. भाचीच्या शाळेत तोच शब्द वाटणीचा न्याय म्हणून शिकवला जातो. माझ्या शाळेत तिसराच अर्थ होता. आधी रफ वहीत गणित सोडवायचं आणि मग ‘फेअर करायचं’. रेशन दुकानावरच्या ‘शासनमान्य रास्त भाव दुकान’ या पाटीतला ‘रास्त’ हाही मुळात इंग्रजी सरकारी कागदावरचा ‘फेअर’च. एकाच घरातल्या तीन पिढ्या, चार अर्थ. मग मी शब्दकोश काढून बसले.

पुढे जाण्याआधी देवनागरीमुळे होणारा एक घोटाळा निस्तरायला हवा. ‘बुक फेअर’मधला फेअर म्हणजे जत्रा. तो लॅटिनमधल्या ‘फेरिया’ या सणाच्या दिवसाच्या नावावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. टॅक्सीचं किंवा विमानाचं ‘फेअर’ म्हणजे भाडं. ते जुन्या इंग्रजीतल्या ‘फारान’, म्हणजे प्रवास करणे, या क्रियापदाचं. निरोपाचं ‘फेअरवेल’ही तिथलंच, ‘सुखरूप जा’ असं सांगणारं. परीकथेतली ‘फेअरी’ तर लॅटिन ‘फाता’ या नियतीच्या देवतांकडून आलेली. मराठीत लिहिताना ही सगळी मंडळी एकाच तोंडवळ्याची दिसतात, पण आपल्या विशेषणाशी त्यांचं काही नातं नाही. नुसत्या नावाची माणसं आहेत ती.

आता आपला फेअर. त्याचे अर्थ पाठ करायला गेलात तर वैताग येईल. मोठ्या इंग्रजी शब्दकोशात ती यादी कित्येक रकाने चालते. त्यापेक्षा एक युक्ती सांगते. ‘फेअर’ दिसला की विचारायचं, याच्या समोर विरुद्ध म्हणून कोण उभा आहे? समोर ‘फाउल’ असेल तर अर्थ एक, ‘डार्क’ असेल तर दुसरा, ‘अनफेअर’ असेल तर तिसरा, ‘रफ’ असेल तर चौथा. आणि समोर ‘गुड’ उभा असेल, तर बिचाऱ्या फेअरची परिस्थिती जरा नाजूक आहे असं समजायचं.

सगळ्यात जुना विरोधी म्हणजे फाउल. खेळात आरडाओरडा करून आपण ज्याला कॅरमबोर्डावर रोज बोलावतो तोच. मुळात त्याचा अर्थ कुजलेला, घाण मारणारा असा होता, आणि त्याचा एक भाऊ मराठीत आहे. जखमेत होतो तो ‘पू’. संस्कृतमधला ‘प’ हा इंग्रजीच्या कुळात नियमानं ‘फ’ होतो. पितृचा फादर, पादचा फूट, तसाच ‘पूय’, ‘पूति’ या कुळातला तिकडचा फाउल. लॅटिनमध्ये तोच ‘पुस’ राहिला आणि डॉक्टरांच्या तोंडून ‘पस’ होऊन आपल्याकडे परत आला.

फाउल म्हणजे सडकं, तर फेअर म्हणजे काय? इथे सुंदर हे उत्तर बहुतेक लोक देतील. जुन्या इंग्रजीत या शब्दाचं रूप ‘फॅगेर’सारखं होतं आणि अर्थ खरोखरच सुंदर, डोळ्याला सुखवणारा असा होता. पण त्याच्याही मागे जाता येतं. इंग्रजीची एक नामशेष झालेली चुलत बहीण म्हणजे गॉथिक भाषा. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपनं तिच्यात बायबलचं भाषांतर केलं. त्यात लूकच्या शुभवर्तमानात चव गेलेल्या मिठाबद्दल एक वाक्य आहे. असं मीठ ना जमिनीच्या कामाचं ना उकिरड्याच्या. या ‘कामाचं’साठी वुल्फिलानं वापरलेला शब्द ‘फागर्स’ या विशेषणाचा, म्हणजे आपल्याच फेअरचा भाऊ. मीठ सुंदर नव्हे, मीठ योग्य.

योग्य ते सुंदर हा प्रवास मराठी माणसाला अवघड वाटू नये. ‘साजणं’ हे क्रियापद घ्या. ‘तिला नऊवारी साजते’ म्हणजे तिला ती शोभते, आणि ‘हे तुला साजत नाही’ म्हणजे हे तुझ्यासाठी योग्य नाही. जागच्या जागी नेमकं बसलेलं जे असतं ते दिसायलाही छान दिसतं. वऱ्हाडात तर ‘साजरं’ म्हणजे सरळ चांगलं, सुरेख.

सुंदर या अर्थाचा एक गमतीदार पुरावा नॉर्वेत आहे. नवव्या शतकातला तिथला राजा हाराल्ड. त्याच्याबद्दल आइसलँडच्या जुन्या गाथा सांगतात की सगळा नॉर्वे ताब्यात येईपर्यंत केस कापणार नाही आणि विंचरणारही नाही, अशी शपथ त्यानं घेतली होती. लोक त्याला जटावाला म्हणू लागले. अखेर राज्य मिळालं, एका सरदारानं त्याचे केस कापले आणि त्याला नवं नाव दिलं, ‘हारफाग्री’. हार म्हणजे केस आणि फाग्री म्हणजे सुंदर. इंग्रजीत तो ‘हॅरल्ड फेअरहेअर’ झाला. आज हे नाव ऐकून लोकांच्या डोळ्यांपुढे सोनेरी केसांचा राजा येतो. मूळ नावात रंग कुठेच नाही. त्यात आहे तो फक्त जटा गेल्याचा आनंद. इंग्लंडमधलं ‘फेअरफॅक्स’ हे आडनावही याच जातीचं, सुकेशी. १९८७ साली दिल्लीत फेअरफॅक्स या अमेरिकी तपाससंस्थेच्या ज्या प्रकरणावरून राजकीय रान उठलं होतं, त्या नावात इतका निरुपद्रवी अर्थ दडलेला असेल असं कुणाला वाटलं असेल!

सुंदर दिवस म्हणजे कोणता? इंग्लंडसारख्या पावसाळी देशात ज्या दिवशी आभाळ मोकळं आहे तो. म्हणून ‘फेअर वेदर’. जुन्या हवादाबमापकांच्या गोल तबकडीवर वादळ, पाऊस, बदल आणि मग ‘फेअर’ असे शब्द ओळीनं कोरलेले असत. काटा फेअरवर आला की कपडे वाळत घालायला हरकत नाही. आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात काटा फेअरवर अडकून बसला, तर शेतकरी त्याला सुंदर म्हणेल का, हा प्रश्न वेगळा. शब्द त्या त्या देशाच्या आभाळाखाली वाढतात. ‘फेअर-वेदर फ्रेंड’ म्हणजे आपले ‘असतील शिते तर जमतील भुते’मधले मित्र.

खलाशांनी हा शब्द आणखी पुढे नेला. त्यांचा फेअर वारा म्हणजे हव्या त्या दिशेला गलबत नेणारा, अनुकूल वारा. बंदरात जहाजांसाठी खोल, खडक नसलेली मोकळी वाट असते ती ‘फेअरवे’. गोल्फवाल्यांनी हा शब्द फार नंतर उचलला. जहाज बांधणारे लोक लाकडी सांगाड्याच्या रेषा घासूनपुसून एकसारख्या, बिनखाचेच्या करायचे त्याला जहाज ‘फेअर करणं’ म्हणत. तिथून तो विमानांकडे गेला आणि शेवटी मोटरसायकलला पुढे जे वारा कापणारं गुळगुळीत आवरण असतं त्याचं ‘फेअरिंग’ हे नाव झालं. गॅरेजमध्ये बसून ‘फेअरिंगला क्रॅक गेलाय’ म्हणणाऱ्या पोराच्या तोंडी हजारभर वर्षांपूर्वीचा सौंदर्यवाचक शब्द असतो.

इथवर एक सूत्र हाताला लागलं असेल. आभाळात ढग नाही, वाटेत खडक नाही, लाकडाला खाच नाही. खोट नसणं, अडथळा नसणं. पुढचे सगळे अर्थ या एका खुंटीला बांधलेले आहेत. त्यातला सगळ्यात त्रासदायक अर्थ आता घेऊ.

इंग्रजी बायबलची १६११ सालची प्रत प्रसिद्ध आहे. त्यातल्या गीतरत्नाच्या पहिल्याच अध्यायात नायिका स्वतःबद्दल सांगते की मी काळी आहे पण सुरूप आहे. उन्हानं मला रापवलं आहे, भावांनी मला द्राक्षमळे राखायला लावलं. आणि दोनतीन ओळी पुढे गेल्यावर तिला संबोधन काय येतं? ‘फेअरेस्ट अमंग विमेन’. बायकांमधली सगळ्यात फेअर! आजचा भारतीय वाचक इथे अडखळेल. आत्ता तर काळी म्हणाली होती. पण भाषांतरकारांच्या मनात गोंधळ नव्हता. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ सुंदर असा आहे आणि त्यांच्या इंग्रजीत सुंदरला फेअर हा सरळ शब्द होता. काळी बाई फेअर असू शकत होती.

म्हणजे तेव्हा रंगाचा अर्थ नव्हताच का? होता. मध्ययुगातच फेअरच्या समोर ‘ब्राउन’ उभा राहायला लागला होता. शेतात राबणाऱ्यांची कातडी रापलेली आणि वाड्यात बसणाऱ्यांची फिकट, तेव्हा सुंदर कोण हे कोण ठरवणार ते उघड आहे. सौंदर्याची कल्पना ज्या रंगाला चिकटली त्या रंगालाच शब्द चिकटला. पहिल्या एलिझाबेथच्या काळात तर दरबारी बायका चेहरा पांढराफटक दिसावा म्हणून शिशाचा लेप लावत. कातडी जळायची, तरी लावत. आपली क्रीमची जाहिरात पाहून नाक मुरडणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

दोन्ही अर्थ एकाच वेळी जिवंत असले की लेखकांचं फावतं. शेक्सपिअरनं फेअर हा शब्द अक्षरशः पिळून काढला आहे. १६०९ साली छापल्या गेलेल्या त्याच्या सुनीतांपैकी १२७ वं, पूर्वी काळ्याला कुणी फेअर म्हणत नसे, अशा अर्थाच्या ओळीनं सुरू होतं. साध्या अर्थानं घेतलं तर हे ‘काळं गोरं नसतं’ इतकंच बाळबोध विधान आहे. खोच अशी की तिथे फेअर म्हणजे सुंदर. ‘ऑथेल्लो’मध्ये ही खोच जास्त बोचते. काळ्या सेनापतीनं आपल्या मुलीशी परस्पर लग्न केलं म्हणून एक प्रतिष्ठित गृहस्थ व्हेनिसच्या ड्यूककडे गाऱ्हाणं घेऊन येतो. ड्यूक त्याची समजूत घालतो की सद्गुणाला सौंदर्य मानत असाल, तर तुमचा जावई काळ्यापेक्षा फेअरच अधिक आहे. एका शब्दात तिथे तीन अर्थ दाटीवाटीनं बसले आहेत, गोरा, सुंदर आणि सचोटीचा. ड्यूक स्तुती करतो आहे खरा, पण काळा असणं म्हणजे काहीतरी कमी असणं, हे त्या स्तुतीच्या पोटातच आहे. हे वाक्य मराठीत आणायला कोणता शब्द वापरावा, याचा मी बराच वेळ विचार केला. सुंदर म्हटलं तर रंग जातो, गोरा म्हटलं तर गुण जातो.

आणि मग आईचा शब्द आठवला. उजळ! ‘मुलगी उजळ आहे’ म्हणजे गोरी. ‘उजळ माथ्यानं फिरणं’ म्हणजे कलंक नसणं. उलट बाजूला ‘तोंड काळं करणं’. इंग्रजीनं जे केलं ते सगळं आपणही केलं आहे, इंग्रज यायच्या आधीपासून आणि कुणी न शिकवता. रंगाचा आणि नीतीचा सांधा जोडल्याबद्दल एकट्या फेअरला पिंजऱ्यात उभं करता येणार नाही.

तरी भारतात आल्यावर या शब्दाचं काहीतरी झालं हे खरं. इंग्लंडमध्ये आज माणसाला फेअर म्हटलं तर आधी सोनेरी केस आणि फिकट कातडी डोळ्यांपुढे येते. त्या मापानं पुण्यातली गोऱ्यातली गोरी मुलगीही फेअर नाही. आपण मात्र या शब्दाला आपल्या रंगांच्या पट्टीवर बसवलं आणि बाजूच्या खणासाठी ‘व्हीटिश’ हा शब्द खास घडवला. गव्हाळचं शब्दशः इंग्रजी. लंडनमध्ये कुणाला हा शब्द ऐकवला तर तो बहुधा पावाबद्दल बोलताय असं समजेल. विवाहविषयक जाहिरातींतून फेअरचे बाकीचे अर्थ गळून पडले आणि रंग तेवढा उरला. १९७५ साली हिंदुस्थान लिव्हरनं ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणलं, तेव्हा फेअर म्हणजे काय हे कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही. पंचेचाळीस वर्षांनी, २०२० मध्ये, जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आवाज उठला तेव्हा कंपनीनं नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला. ग्लो म्हणजे तेज, झळाळी. म्हणजे उजळच की! मला या बदलात फार मोठं काही घडलं असं वाटत नाही. एका शब्दाची पाटी काढून त्याच्या मावसभावाची लावली, एवढंच.

न्यायाचा अर्थ कसा आला हे आता वेगळं सांगायला नको. वाटेत खडक नाही तसा व्यवहारात डाव नाही. आपणही ‘स्वच्छ कारभार’ म्हणतोच. मध्ययुग संपेपर्यंत इंग्रजीत हा अर्थ रुळला होता आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘फेअर प्ले’ ही जोडी लोकांच्या तोंडी होती. खेळाच्या मैदानात फेअर आणि फाउल हे जुने वैरी पुन्हा समोरासमोर आले. सुंदर विरुद्ध सडकं हे भांडण नियमाप्रमाणे विरुद्ध नियमाबाहेर असं झालं. क्रिकेटच्या सध्याच्या नियमावलीत ३३ वा नियम ‘फेअर कॅच’ म्हणजे काय हे ठरवतो आणि ४१ वा नियम अख्खा ‘अनफेअर प्ले’बद्दल आहे. गंमत म्हणजे या अर्थाला नेमका शब्द बऱ्याच भाषांकडे नाही. जर्मनांनी तर शब्दच्या शब्द उचलला. तेही न्याय्य वागण्याला ‘फेअर’ म्हणतात. कायद्यातला न्याय वेगळा, ‘जस्टिस’. फेअरमध्ये कोर्टकचेरी नसते. आपण एका डावात बसलो आहोत, नियम सगळ्यांना सारखे आहेत आणि कुणी लबाडी करत नाही, एवढं त्यात असतं. म्हणून तो लहान मुलांच्या तोंडी इतका असतो. भाचीला आंब्याच्या वाटणीबद्दल खटला भरायचा नव्हता, डाव चुकला एवढंच सांगायचं होतं. आम्ही लहानपणी यासाठी ‘रडीचा डाव’ म्हणायचो.

अर्थात पुढे हा शब्द कोर्टातही शिरला. मनेका गांधींचा पासपोर्ट जप्त झाल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली सांगितलं की माणसाचं स्वातंत्र्य हिरावून घेणारी कार्यपद्धती नुसती कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती ‘फेअर’ही असली पाहिजे. सरकारी मराठीनं या अर्थासाठी दोन शब्द पक्के केले. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात भरपाई ‘वाजवी’ आहे. वाजवी अरबीतल्या ‘वाजिब’चा. रेशनचा भाव ‘रास्त’ आहे. रास्त फारसी, मूळ अर्थ सरळ. इंग्रजी ‘राइट’ आणि संस्कृत ‘ऋजु’ हे या रास्तचे दूरचे भाऊबंद, कारण सरळ ते बरोबर ही कल्पना या सगळ्यांची सामाईक.

पण महाराष्ट्रात हा फेअर सगळ्यात मोठ्यांदा उच्चारला जातो तो ऊसपट्ट्यात, आणि तिथे तो शब्द म्हणून कुणाला दिसतही नाही. एफआरपी! त्यातला ‘एफ’ म्हणजे आपला फेअर. ‘फेअर अँड रेम्युनरेटिव्ह प्राइस’, मराठीत ‘रास्त आणि किफायतशीर दर’. २००९ मध्ये ऊस नियंत्रण आदेशात बदल करून हा दर आणला गेला. त्याआधी होती ती ‘किमान वैधानिक किंमत’. किमानच्या जागी रास्त आला, म्हणजे बोलणंच बदललं. किमान ही आकड्याची गोष्ट आहे. रास्त म्हटलं की कुणाच्या मते रास्त, हा प्रश्न लगेच उभा राहतो. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्रानं १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून तेवढी साखर निघत असेल तर, क्विंटलमागे ३४० रुपये दर ठरवला. असा दर कायद्यानं फेअर असतो. तो खरंच फेअर आहे का यावर कोल्हापूर-सांगलीकडे दर हंगामात आंदोलनं होतात. या शब्दाची प्रकृतीच अशी आहे. तो उच्चारला की ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणायचा हक्क आपोआप मिळतो.

वहीची गोष्ट थोडक्यात. ‘फेअर कॉपी’ म्हणजे खाडाखोड नसलेली, सुवाच्य प्रत. इथेही डाग नाही हेच सूत्र. हॅम्लेटला हे कसब कामाला आलं होतं. इंग्लंडला पोचताच याला मारा, असं लिहिलेलं पत्र सोबतच्या दोघांकडे देऊन त्याला जहाजावर चढवलेलं असतं. तो ते पत्र चोरून वाचतो आणि त्या जागी दुसरं, अगदी सरकारी वळणाच्या सुबक अक्षरात लिहून ठेवतो. मग मित्राला सांगतो, फेअर लिहिणं हे मला एकेकाळी कारकुनी, हलकं काम वाटायचं, आज त्यानं साथ दिली. अक्षर सुधार म्हणून पाठीत धपाटे खाल्लेल्या प्रत्येकाला हा प्रसंग सांगावा असं मला वाटतं.

आता त्या नाजूक परिस्थितीकडे येऊ. शाळेतल्या प्रगतिपुस्तकात एक्सलंट, गुड, फेअर, पुअर अशी उतरंड असते. इथे फेअर म्हणजे नापास नाही इतकंच. जुन्या पुस्तकांचा इंग्रजी व्यापार करणारे लोक फेअर म्हणजे मळकट, झिजलेली, पण मजकुराची पानं शाबूत असलेली प्रत असं समजतात. म्हणजे एका टेबलावरची ‘फेअर कॉपी’ निष्कलंक आणि दुसऱ्या टेबलावरची ‘फेअर कॉपी’ पान ४० वर चहाचा डाग असलेली. सुंदर म्हणून निघालेला शब्द इतका कसा उतरला?

सभ्यपणामुळे. कामचलाऊ वस्तूला कामचलाऊ म्हणणं जिवावर येतं, म्हणून आपण तिला चांगली म्हणतो. सगळेच तसं म्हणायला लागले की ऐकणारा मनातल्या मनात भाव पाडून घेतो. रुपयाचं होतं तेच शब्दाचं. मग खरोखर चांगल्यासाठी आणखी मोठा शब्द काढावा लागतो. मात्र ही घसरण सगळीकडे सारखी झाली नाही. ‘अ फेअर अमाउंट’ म्हणजे आजही बऱ्यापैकी जास्त. ‘फेअर इनफ’ म्हणजे ‘बरं, पटलं’. आणि ‘फेअरली गुड’ हे प्रशस्तिपत्र आहे की टोमणा, ते बोलणाऱ्याच्या भुवया बघून ठरवायचं.

वरच्या परिच्छेदात मी ‘बऱ्यापैकी’ आणि ‘बरं’ लिहून गेले. मुद्दाम नव्हे, दुसरे शब्द सुचलेच नाहीत. कारण या रस्त्यानं आपलाही एक शब्द चालत आला आहे. ज्ञानेश्वरांच्या ‘रूप पाहता लोचनी’ या अभंगात विठ्ठल ‘बरवा’ आहे. बरवा म्हणजे देखणा, डोळ्यांचं पारणं फेडणारा. काळ्या पाषाणातला, सावळा आणि बरवा. गीतरत्नातली ती काळी नायिका जशी फेअर, अगदी तसाच. ‘फेअर’चं जुन्या अर्थानं चोख मराठी भाषांतर हवं असेल तर ते बरवा आहे. आणि त्या बरव्याच्याच कुळातला आजचा ‘बरा’. ‘नाटक कसं होतं?’ ‘बरं होतं.’ या उत्तरानंतर कुणी तिकीट काढत नाही. न्यायाचा पदरही त्याला आहेच. ‘हे काही बरं नाही केलंस तू’ याचं इंग्रजी ‘नॉट फेअर’ असंच होईल. रंग तेवढा त्याला चिकटला नाही, ते काम आपण ‘उजळ’कडे सोपवलं.

मागच्या हिवाळ्यात आईला चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. छातीत कफ झाला होता, काळजीचं काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली, चष्मा लावला आणि पायाशी अडकवलेला केस पेपर मागून घेतला. डॉक्टरांनी रोजच्यासारखं लिहिलं होतं, ‘जी. सी. फेअर’. जनरल कंडिशन, म्हणजे एकंदर प्रकृती. तिनं ते दोनदा वाचलं.

“आता इथेही रंग लिहितात का गं?”

“रंग नाही. तब्येत बरी आहे असं लिहिलंय.”

तिनं कागद परत अडकवायला माझ्याकडे दिला आणि चष्मा काढला.

“नुसती बरी?” म्हणाली.